कपारीची काठी

चैत्र लागला की आमची सून गॅलरीतल्या खुंट्यांवरून एक लांब बांबू उतरवते, त्याच्या टोकाला जुन्या धोतराचं फडकं बांधते आणि घरभर जळमटं काढत फिरते. तिच्या लेखी ती जळमटांची काठी. काठी आमच्या छताहून उंच, म्हणून तिरकी धरावी लागते आणि दरवर्षी एकदा तरी पंख्याला लागते. मग सून विचारते, बाबा, ही अर्धी कापून आणू का? मी म्हणतो, मी गेल्यावर काप. त्यावर ती बिचारी काठी परत खुंट्यांवर ठेवते आणि मलाच वाईट वाटतं, की एवढ्याशा गोष्टीत मी मरण कशाला आणलं.

याच दिवसांत यवतमाळात दोन गोष्टी जोडीनं येतात, परीक्षा आणि पाण्याची ओरड. वरच्या मजल्यावरची मुलगी पहाटेपासून मोठ्यानं पाठांतर करत असते आणि खाली टाकीपाशी नळ कधी येणार यावर चर्चा चाललेली असते. मी खुर्चीत बसून दोन्ही ऐकतो. मास्तरचा कान काही निवृत्त होत नाही. मुलीनं सनावळी चुकवली की मी इथूनच दुरुस्त करतो, तिला ऐकू जात नसलं तरी. नळ आल्यावर रिकाम्या भांड्यात पाण्याची पहिली धार पडते, तो आवाज आला की मात्र मी उठतोच. भांडं भरेपर्यंत तिथं उभा राहतो. सुनेला वाटतं, म्हाताऱ्याला पाण्याची हाव आहे. आहेच.

माझा तो चैत्र महाराष्ट्र व्हायच्या आदल्या वर्षीचा. मी एकवीस वर्षांचा, कळंबजवळच्या खेड्यातला, नुकताच मास्तर झालेला. नेमणूक मिळाली ती जिल्ह्याच्या पार टोकाला, ढाणकीहून चार कोस पायी, पैनगंगेच्या काठच्या एका गावात. आमच्या घरातले देव पाण्यात सोडून तेव्हा दोन-अडीच वर्षं झाली होती. आम्ही बौद्ध झालो होतो. गावं मात्र होती तिथंच होती. निघताना आईनं पितळेचा लोटा ट्रंकेत ठेवला आणि म्हणाली, "तहान लागली तं नदीवर जाजो, बापू. कोणाच्या दारात पाणी मांगू नको." जेवण, तब्येत, पगार, कशाबद्दल काही नाही. फक्त पाणी मागू नको.

गावात खोल्या रिकाम्या होत्या. मी कोण हे कळल्यावर त्या सगळ्यांत एकदम कडबा भरायचा निघाला. शेवटी इस्माईलचाचांनी आपल्या दुकानामागची पडवी दिली. चाचा छत्र्या, कंदील, पत्र्याच्या पेट्या दुरुस्त करायचे. साठी उलटलेली, घरात दुसरं कोणी नाही. त्यांच्या प्रत्येक वाक्यात एक शिवी असायची, पण ती छत्रीला किंवा कंदिलाला. माणसाला त्यांनी शिवी दिलेली मी ऐकली नाही.

गावात धड पाणी असलेली विहीर एकच. गिरजामायच्या मळ्यातली, दगडी बांधणीची, खालपर्यंत पायऱ्या असलेली. आख्खं गाव तिथं भरायचं, आमच्या समाजाची सात घरं सोडून. ही घरं नदीच्या वाळूत झिरा उकरायची आणि करवंटीनं पाणी घागरीत घालायची. मीही सकाळी त्यांच्यात जाऊन बसत असे. चैत्रात झिरा इतका हळू भरतो की एका घागरीला शाळेचा अख्खा एक तास जायचा. चाचांना विहिरीवर कोणी अडवत नसे. ते मला घागर आणून द्यायला तयार होते. मी नको म्हटलं. दुसऱ्यानं आणून दिलेलं पाणी प्यायला लागलो असतो तर आपण होऊन भरायचा दिवस कधी आलाच नसता, असं मला वाटे. हट्ट होता, कबूल. कायदा माझ्या बाजूनं होता हे मला पाठ होतं. पण कायदा माझ्या ट्रंकेतल्या पुस्तकात होता आणि विहीर गावात होती. त्याच ट्रंकेत, त्या पुस्तकाखाली, मी बदलीचा अर्ज लिहून ठेवला होता. वार्षिक परीक्षा झाली की ढाणकीला जाऊन टपालात टाकायचा. तारीख तेवढी घालायची राहिली होती.

तरी नदीनं मला धरून ठेवलं होतं, हे आता कळतं. होळीनंतर पैनगंगा आटत जाते आणि पात्रातले काळे खडक एकेक करून वर येतात. वरून गुळगुळीत, मध्ये भेगा आणि कपारी, आणि कपारींच्या तळाशी अंधारात हिरवं पाणी. संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी त्या खडकांवर पोटावर झोपायचो. दिवसभराचं ऊन खडक परत द्यायचा, पोटाला शेक मिळायचा. काठच्या मोहाची फुलं वाळूत पडलेली असायची आणि त्यांचा आंबूस गोड वास वाऱ्याबरोबर यायचा. अशा वेळी गावाचा राग येत नसे. आईची आठवण यायची, लोट्याची यायची, आणि भूक लागायची.

चैत्रात चाचांना काम नसे. लोकांना छत्री आठवते मृगाच्या आधी आठ दिवस. एका संध्याकाळी तेही खडकावर येऊन बसले आणि कपारीत बोट दाखवून म्हणाले की यात वाम मासोळी राहते, आणि नशीब असलं तर मरळ. जाळं इथं चालत नाही, ते खडकाला अडकून फाटतं. लांब दोरीचा गळ चालत नाही, दोरी भेगेत गुरफटते. इथं वेगळीच काठी लागते. "हे काठी फेकाची नाही, मास्तर, खुपसाची आहे," चाचा म्हणाले. त्यांची स्वतःची काठी दोन पावसाळ्यांमागं मोडली होती आणि नवी बांधायला आता डोळे साथ देत नव्हते. असं ठरलं की ते सांगतील आणि मी बांधीन.

पहिली गोष्ट बांबू. चाचांनी सांगितलं होतं की ढाणकीच्या बाजारातून आण. चार कोस जाणं, चार कोस खांद्यावर बांबू घेऊन येणं, मला कंटाळा आला. गावात बांबूचं बेट होतं, गिरजामायच्या बांधावर. आईनं पाणी मागू नको म्हटलं होतं, बांबूबद्दल ती काही बोलली नव्हती. मी गेलो.

गिरजामाय पासष्टीची विधवा. गळ्यात तुळशीची माळ, कमरेला विळा. मळा एकटीनं सांभाळायची आणि गावातले पुरुष तिच्याशी बोलताना जरा बाजूला सरकून बोलायचे. तिनं विचारलं, बांबू कायले पायजे? माझी नजर तिच्या माळेवर गेली. माळकरी बाईला मासे धरायला बांबू मागायचा, हे जिभेवर येईना. मी म्हटलं, शाळेत नकाशा दाखवायला. तिनं कमरेचा विळा काढला. बेटात शिरून चार बांबू ठोकून पाहिले, पाचवा तोडला. भरीव, सरळ, दीड पुरुष लांब. अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेला आहे, भुंगा लागणार नाही, म्हणाली. पोरांच्या पाठीत घालू नको, हेही म्हणाली. मग तो घेऊन माझ्याकडं आली आणि माझ्यापासून चार हातांवर जमिनीवर ठेवला.

मी उचलला. तिनं तो तुच्छतेनं ठेवला असं मी म्हणणार नाही. सवयीनं ठेवला. तुच्छतेवर माणसाला रागावता येतं. सवयीवर कसं रागवायचं ते मला तेव्हा कळत नव्हतं. तिच्या हातून मला काहीतरी मिळालं होतं आणि ते वाकून उचलावं लागलं होतं. त्या संध्याकाळी मी खडकावर गेलो नाही. पडवीत बसून अर्जावर तारीख घातली, परीक्षा संपण्याच्या दुसऱ्या दिवसाची.

आता खोटं बोललो होतो, तर ते निदान आठवडाभर खरं करणं भाग होतं, कारण शाळेचं दार गिरजामायच्या मळ्यातून सरळ दिसायचं. शाळा म्हणजे एक खोली. त्यात दीड पुरुष बांबू घेऊन मी भूगोल शिकवू लागलो. मागं सरकलो की बांबूचं बूड भिंतीला लागे, पुढं आलो की टोक आढ्यातल्या कवेलूला. पोरं तोंडात सदऱ्याची बाही कोंबून हसायची. आमचा जिल्हा तोवर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाऊन बसला होता, पण शाळेतला नकाशा जुनाच होता. तिसऱ्या दिवशी बांबू निसटला आणि त्या नकाशाला बंगालच्या उपसागरात भोक पडलं. पुढची बरीच वर्षं पोरं त्या भोकाला बेट समजत होती. एकानं परीक्षेत त्याचं नाव विचारलंही.

आठवड्यानंतर बांबू पडवीत आला आणि खरं काम सुरू झालं. चाचांनी शेगडीत कोळसे फुलवले, बांबूला करडईचं तेल चोपडलं आणि वाकडी जागा निखाऱ्यांवर फिरवत धरायला सांगितली. बांबू तापला की त्याला घाम येतो. तेवढ्यात तो कडुनिंबाच्या दोन फांद्यांत अडकवून दाबायचा, आणि थंड होईपर्यंत सोडायचा नाही. मी पहिल्यांदा लवकर सोडला. बांबू होता तसा वाकडा झाला. चाचांनी बांबूला एक शिवी दिली आणि पुन्हा कोळसे फुलवले. निंब मोहरला होता, त्याची बारीक पांढरी फुलं आमच्या डोक्यावर आणि तेलकट बांबूवर पडून चिकटायची. मग दुरुस्तीला आलेल्या एका कंदिलाची फुटकी काच घेऊन पेरांवरचे उंचवटे खरवडले, तळहात फिरवला तर कुठं काही टोचता कामा नये असे. चाचा डोळे मिटून तळहात फिरवायचे आणि एका जागी थांबायचे. तिथं मला काहीच दिसायचं नाही, पण खरवडलं की भुसा निघायचा.

टोकाला लावायची छत्रीची काडी. ही चाचांची स्वतःची युक्ती. बांबू कितीही बारीक असला तरी कपारीच्या वळणात शिरत नाही. छत्रीची पोलादी काडी वाकते, शिरते आणि परत सरळ होते. त्यांनी मोडक्या छत्र्यांच्या ढिगातून पंधरा-वीस काड्या काढून एकेक वाकवून पाहिली. ही कारकुनाच्या छत्रीची, म्हणाले, हिच्यात जान नाही. निवडली ती एका मेंढपाळाच्या छत्रीची. ती काडी बांबूच्या टोकाला हातभर बाहेर ठेवून सुतानं आवळून बांधली आणि वरून वितळलेली लाख ओतली. बांधायचं काम माझं. सात वेळा उसवून आठव्यांदा चाचांच्या नखाला फट लागली नाही.

गळ दाभणाचा. दाभण लाल करून वाकवायचं, कानशीनं त्याला उलटा काटा काढायचा, पुन्हा लाल करून पाण्यात बुडवायचं. दोन दाभणं मोडली. आणि दोरी वीतभरच, घोड्याच्या शेपटीच्या केसांची वळलेली. मी म्हटलं, एवढ्याशा दोरीनं काय होणार? चाचा म्हणाले की कपारीतल्या माशाला भेटायला त्याच्या दारापर्यंत जावं लागतं, लांबून हाका मारून तो येत नाही. तेव्हा ते वाक्य मला फक्त माशाबद्दल वाटलं होतं.

त्याच दिवसांत परीक्षा सुरू होती. सकाळी मी चौथीच्या पोरांना गणितं घालायचो, दुपारी पाट्या तपासायचो, संध्याकाळी नदी. पहिल्या दोन संध्याकाळी काही नाही. गांडूळ लावलेला गळ मी कपारीत सारायचो, आतून कोणीतरी गांडूळ अलगद काढून घ्यायचं आणि मला नुसता गळ परत मिळायचा. तिसऱ्या दिवशी वाम लागली, मी हिसका दिला आणि ती तोंड फाडून गेली. मला खूप लागलं ते. चाचा शेजारच्या खडकावर आडवे झाले होते. ते सरकत आले, माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाले, "ओढू नको. नुसतं धरून ठेव. थे अंदर जोर करते, करू दे. तुले दम पायजे."

परीक्षा संपली त्या संध्याकाळी मी पुन्हा खडकावर झोपलो होतो. उद्या ढाणकीला जायचं, अर्ज टाकायचा, मग गाव सुटलं. एक मोठी कपार होती, तिच्यात काडी पार शेवटपर्यंत गेली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग तळहाताखाली बांबू हळूच कापला. मी ओढलं नाही. आत जोर लागला, कमी झाला, पुन्हा लागला. मी फक्त धरून होतो. गालाखाली खडक गरम होता आणि माझ्या नाकावर माशी बसली होती, ती मी उडवली नाही. हळूहळू आतलं ओझं माझ्याकडं यायला लागलं, आणि कपारीच्या तोंडाशी एक काळं, रुंद, सापासारखं डोकं आलं. मरळ. हातभर लांब, जिवंत, पोटाकडून पिवळसर.

चाचांनी नव्यानं झाळ लावलेल्या पत्र्याच्या डब्यात पाणी भरून तिला त्यात सोडलं. ओठाला थोडी जखम होती, बाकी ती ठणठणीत. मरळ चिवट असते, हवेवरही श्वास घेते. मी मनातल्या मनात कांदा चिरायला घेतला होता. तेवढ्यात चाचांनी सहज विचारलं की बांबू बाजारात कोणाकडून घेतला. मी खरं सांगितलं. चाचांनी कपाळावर हात मारला.

नदीकाठची रीत अशी होती की नव्या काठीची पहिली मासोळी ज्याचा बांबू त्याची. ती आपल्या चुलीवर चढवायची नाही. बांबू भोयाचा असो, कोलामाचा असो, बाजारातल्या बुरडाचा असो, पहिली मासोळी त्याच्या दारात जायची. आजवर अडचण आली नव्हती, कारण माळकऱ्याच्या बांधावरून गळाचा बांबू आणण्याचा शहाणपणा आजवर कोणी केला नव्हता. तो करायला शिकलेला मास्तरच लागला.

मी खूप वाद घातला. ती माळकरी आहे, मासोळी पाहून मला विळ्यानं हाणेल. मी तिच्याशी खोटं बोललो आहे. आणि जी बाई माझ्या हातात बांबू देत नाही, ती माझ्या हातचा मासा काय घेणार? चाचा ऐकत राहिले. मग डबा उचलून माझ्या हातात दिला. "घेवो का न घेवो, थो तिचा हक आहे," ते म्हणाले. "तुले तुहा हक पायजे ना? मंग दुसऱ्याचा हक देनं बी पडते, मास्तर."

दिवस मावळायला अजून अवकाश होता. मी एका हातात डबा, एका खांद्यावर काठी घेऊन गिरजामायच्या मळ्यात गेलो. ती विहिरीच्या काठावर बसून लसणाच्या जुड्या बांधत होती. पलीकडं दोन-तीन बाया घागरी भरून निघायच्या बेतात होत्या. मी तिच्यापासून चार हातांवर डबा जमिनीवर ठेवला. तेवढं अंतर मलाही आता पाठ झालं होतं.

मी सांगितलं, माय, बांबू नकाशासाठी नव्हता. ती लसूण बांधत म्हणाली, "मालूम हाये मले. दीड पुरसाचा बांबू नकाशाले लागते काय कुठं?" म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तरी तिनं सगळ्यात चांगला बांबू तोडून दिला होता. मी खांद्यावरची काठी खाली टेकवली. मी रीत सांगितली. घ्याच असं म्हणत नाही, पण हक तुमचा आहे, तेवढं पोचवायला आलो, असं म्हणालो.

ती उठली, डब्यापाशी आली, वाकून पाहिलं. जिवंत आहे का, विचारलं. मी हो म्हटलं. मग तिनं हातातली लसणाची जुडी काठावर ठेवली. पुढं म्हणाली की तिच्या मालकानं लग्नाच्या वर्षी या विहिरीत एक मरळ सोडली होती. कितीतरी वर्षं ती जगली, पाण्यात कधी किडा दिसला नाही. पुराचं पाणी विहिरीत शिरलं त्या साली ती गेली, आणि त्याच साली मालकही गेले. तेव्हापासून पाणी गाळून प्यावं लागतं. हे ती मला सांगत होती की डब्यातल्या मासोळीला, कळत नव्हतं. शेवटी म्हणाली, "सोड विहिरीत."

मी काठाशी गेलो, आणि थांबलो. बाया थांबून पाहत होत्या. मी तिथूनच डबा कलता केला, तशी ती ओरडली, "वरून टाकतं काय? आपटून मरंल थे. खाली उतर."

मी विचारलं, मी?

"मंग काय मी उतरू? माह्या गुडघ्यात जोर नाही. आन गळ्यात माळ घालून मासोळीले हात लावू काय?"

बावीस पायऱ्या. त्या मी मोजल्या, कारण दुसरं काही मनात येऊ द्यायचं नव्हतं. खाली जाताना गारवा वाढत गेला, दगडांत उगवलेल्या नेच्यांचा वास आला. शेवटच्या पायरीवर पाणी होतं. ते माझ्या पायावर आलं. मी डबा पाण्यात बुडवून आडवा केला. मरळ बाहेर आली आणि माझ्या हाताजवळच थांबली, कल्ले हलवत, जणू तिलाही परवानगी हवी होती. मग शेपटीचा एक फटकारा मारून समोरच्या दगडांतल्या भेगेत शिरली. पैनगंगेतली कपार सोडून आली होती, इथंही तिनं कपारच शोधली.

मला तेव्हा रडू आलं. विहिरीत खाली कोणाला दिसत नाही, म्हणून येऊ दिलं. आपण पकडलेला मासा आपल्या आधी या पाण्यात राहायला गेला, याचं हसूही येत होतं.

पुढचं सगळं गोड झालं असं कोणी समजू नये. गावात बोलणं झालं. दोन घरांनी विहीर टाकली, आणि वैशाखात दुसरीकडं पाणी उरलं नाही तेव्हा मुकाट्यानं परत धरली. मी गिरजामायला स्पष्ट सांगितलं की एकटा भरणार नाही. भरलं तर सात घरं भरतील. ती म्हणाली, मी कुठं म्हणलं एकट्यानं भर. ज्या सकाळी आमच्या घरच्या बाया घागरी घेऊन पहिल्यांदा आल्या, त्या सकाळी ती माळ ओढत काठावर बसून राहिली, ऊन चढेपर्यंत, आणि कोणाची काही बोलायची छाती झाली नाही. तिनं उपकार केले असं मी आजही म्हणत नाही. पाणी जमिनीतून आलेलं, त्यात उपकार कसला? पण गुडघे दुखत असताना ऊन चढेपर्यंत बसणं, हे तिचं स्वतःचं होतं. ते मी विसरत नाही.

अर्ज टपालात गेला नाही. त्या गावात मी अकरा वर्षं राहिलो. चाचांना तिथंच माती दिली. शेवटच्या आजारात त्यांना मरळीचा रस्सा हवा होता, तो मी याच काठीच्या जोरावर करून घातला. विहिरीतली मरळ वाढून मांडीएवढी झाली आणि पोरं तिला मास्तरीण म्हणू लागली, त्यावरून माझ्या लग्नात बरीच चेष्टा झाली. काठी माझ्याबरोबर पाच गावं फिरली आणि आता जळमटं काढते. सुनेला एकदा सगळं सांगायला हवं. मग ती कापायचं म्हणणार नाही, आणि मला मरणाची भीती घालावी लागणार नाही.

पण एक सांगायचं राहिलं, आणि खरं तर मला तेवढंच सांगायचं होतं.

मासोळी भेगेत गेली तरी मी पाण्यात पाय घालून उभाच होतो. इथून वर जायचं म्हणजे पुन्हा चार हात अंतरावर जायचं, हे मला कळत होतं, आणि पाय निघत नव्हते. तेवढ्यात वरून गिरजामायचा आवाज आला, "उतरलाच हाये तं माही घागर भरून आन." तिची तांब्याची घागर शेजारच्याच पायरीवर उपडी घातलेली होती. मी ती सुलटी केली आणि पाण्यात धरली. रिकाम्या घागरीत पाणी शिरताना होतो तो आवाज विहिरीत घुमून माझ्याभोवती फिरला. मी ती खांद्यावर घेतली आणि बावीस पायऱ्या चढून आलो. वर आल्यावर, सवयीनं, तिच्यापासून चार हातांवर घागर ठेवायला मी वाकलो.

"खाली ठेवू नको," ती म्हणाली. "माह्यानं वाकवत नाही." आणि जवळ येऊन तिनं दोन्ही हात पुढं केले.

घागर काठोकाठ भरलेली होती. क्षणभर ती आम्हा दोघांच्याही हातात होती.